लालीला सोमवारी सुट्टी

मन्मथअप्पा कुठल्याही गाडीला भेटले की आधी तिला म्हणायचे, “आ कर.”

गाडी मुकाट्यानं आ करायची. म्हणजे बॉनेट अप्पाच उचलायचे, हे कबूल. पण आम्हा बोरीकरांची शपथेवर साक्ष आहे की काही गाड्या अप्पांना लांबून येताना बघूनच बॉनेट सैल सोडायच्या. मग अप्पा आत डोकं घालून हुंगायचे. बाहेर येऊन बंपरवर दोन्ही हातांनी भार देऊन पाठ किती लवते ते बघायचे. टायरवर चपलेनं टिचकी मारून खूर तपासायचे. रंगावर तळहात उलटा फिरवून पोपडे आणि भोवरे शोधायचे. शेवटी मागं जाऊन सायलेन्सरला धोतराच्या सोग्यानं धरायचे आणि मालकाला फर्मावायचे, “आता दाबा.” धूर सुटला की डोळे मिटून म्हणायचे, “दात पडल्यात हिचे. कोवळी म्हून इकायलेत तुमाला. सोडा हिचा नाद.” आणि सौदा तिथंच मोडायचा. बोरीत आणि जिंतूर तालुक्यातल्या निम्म्या गावांत अप्पांचा हात फिरल्याशिवाय कुणी जुनी गाडी घेत नसे. निम्मी गावं मी कमी करून सांगतोय, उगाच कुणाला अतिशयोक्ती वाटायला नको.

या सगळ्याचं कारण असं, की अप्पा मूळचे बैलबाजारातले दलाल. तरुणपणी त्यांनी एवढ्या बैलांचे जबडे उघडले होते, की डॉक्टरला जीभ दाखवायची पाळी आली तर आजारी माणूस आधी अप्पांना दाखवायचा. पुढं बाजार पातळ झाले, दावणीला बैलाऐवजी ट्रॅक्टर आणि जीपा उभ्या राहू लागल्या. अप्पांनी धंदा बदलला. हात मात्र तोच ठेवला.

त्यांच्या लेखी जगातल्या तमाम गाड्यांच्या जाती दोनच. देशात बनलेली ती ‘गावरान’ आणि परदेशातून आलेली ती ‘जर्सी’. सुट्या भागांचंही तेच. माझं सीट-कव्हरचं दुकान अप्पांच्या ओट्यासमोर, त्यामुळे हे ज्ञान मला दिवसभर फुकट मिळायचं. “मास्तर, ध्यानात ठेवा,” अप्पा रस्ता ओलांडून ओरडायचे, “जर्सी दूध लय देती, पर ऊन लागलं की जीभ काढती. गावरान दोन घोट कमी देईल, पर कडब्यावर उभी ऱ्हाईल. हेच गाडीचं, हेच प्लगचं, हेच बेअरिंगचं.” मी मान डोलवायचो. देशी असो की परदेशी, बसायला सगळ्यांना कव्हर माझंच लागायचं, म्हणून माझं मत मी कात्रीखाली दाबून ठेवलं होतं.

अप्पांची स्वतःची जीप गावरान होती हे सांगायला नकोच. रंग लाल कंधारी बैलासारखा, गडद तांबडा, म्हणून नाव लाली. लाली किती जुनी होती हे कुणालाच सांगता येत नसे. माझे वडील म्हणायचे की त्यांच्या लग्नात ती होती, आणि तेव्हाही तिला लोक जुनीच म्हणायचे. तिचा हॉर्न वाजत नसे, बाकी सगळं वाजत असे. पण हिवाळ्यात असो की भर पावसात, अप्पांनी बॉनेटवर थाप मारून “हां बाई” म्हटलं की लाली सुरू.

फक्त सोमवारी नाही. अप्पा शिवभक्त. त्यांच्या घराण्यात सोमवारी नंदीच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, बैलाला पूर्ण विसावा. बैल गेले आणि लाली आली, तेव्हा तो विसावा अप्पांनी लालीच्या नावावर करून दिला. सोमवारी लालीची किल्ली देवघरात महादेवापुढं. अप्पांच्या सख्ख्या मेहुण्याचं लग्न सोमवारी निघालं तर अप्पा एसटीनं गेले आणि अक्षता पडून पंगत उठल्यावर पोचले. “माणसाला रजा लागती, मग जिनं आपल्याला वाहून न्यायचं तिला नगं? सोमवारची रजा दिली म्हून तर लाली टिकली,” असं ते मांडवातच उष्ट्या पत्रावळींना समजावून सांगत होते.

पोळ्याला तर बघायला नको. आदल्या दिवशी लोक बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, तसे अप्पा लालीचे दोन्ही मडगार्ड मळायचे आणि तिच्या हेडलाइटशी तोंड नेऊन म्हणायचे, “आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.” दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी. ती लाली खायची की गल्लीतलं कुत्रं, यावर गावात दोन तट होते. मी लालीच्या बाजूचा.

आता या सुखात मीठ कालवायला जो माणूस आला, तो अप्पांनी स्वतःच्या हातानं आणलेला. अप्पांना एकुलती लेक, शारदा. ती मानवतच्या देवरावांच्या घरी दिली होती. देवराव कापसाचे व्यापारी. अंगानं गाठोड्यासारखे आणि बोलण्यात सरकीसारखे निसटते. या व्याह्यांचं आणि अप्पांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि एकत्र आले की भांडणावाचून चहा गळ्याखाली उतरत नसे. देवरावांचं सगळं बाहेरचं. घड्याळ बाहेरचं, टॉर्च बाहेरचा, नखं काढायचं यंत्रसुद्धा बाहेरचं. “बाहेरचं म्हंजे बाहेरचं, अप्पा,” ते म्हणायचे, “तिकडं लोखंडाला पन शिस्त हाय.”

एका पावसाळ्यात देवरावांनी परदेशात बनलेली भली थोरली गाडी घेतली आणि पहिली फेरी मुद्दाम बोरीला आणली. पांढरीशुभ्र, एवढी रुंद की आमच्या गल्लीत शिरताना दोन्ही बाजूच्या बायांनी पोटं आत ओढून घेतली. काच आपोआप खाली आली. आतून गार वारा असा सुटला की माझ्या दुकानातल्या मशीनचं तेल थिजलं.

“बसा अप्पा. एक चक्कर मारू,” देवराव म्हणाले.

अप्पांनी एक पाय आत ठेवला. बूड टेकवलं. तशी गाडी टुंग टुंग, टुंग टुंग करून ओरडायला लागली.

“काय झालं हिला?”

“पट्टा बांधा म्हनायली. त्याबिगर गप बसत न्हाई ती.”

अप्पा ताडकन खाली उतरले. “जनावर धन्यावर वरडायलंय? याही, ध्यान देऊन ऐका. मेल्याशिवाय मी तुमच्या जर्सीत बसनार न्हाई.”

“मग कधी मरायलाव?” देवरावांनी अगदी प्रेमानं विचारलं.

“तुमची जर्सी मेल्यावर!”

झालं. शब्दाला शब्द लागला, ओट्यावर माणसं जमली. देवराव म्हणाले, तुमच्या खटाऱ्याला शर्यतीत उभं करा. अप्पा म्हणाले, पळायला काय, ससाबी पळतो. जनावराची पारख ओढीत असते. बैलबाजारात नवी जोडी घेताना गाडीची चाकं साखळीनं बांधतात आणि ती न फिरणारी गाडी बैलांना ओढायला लावतात. खरा जोर तिथं कळतो. तशीच उसाची ट्रॉली चाकं बांधून बाजारतळावर उभी करायची, दगडांनी भरायची, आणि जिची ताकद असेल तिनं ती मारुतीच्या पारापर्यंत ओढायची.

“आन हरलात तर?” देवराव.

अप्पांनी डोक्याच्या पटक्याला हात लावला. भगवट रंगाचा, कडक, उन्हात लांबून कळसासारखा दिसणारा पटका. “हा उतरवून तुमच्या डोक्यावर ठेवीन. आन जन्मात पुन्हा कुठल्या गाडीवर हात फिरवनार न्हाई.”

अप्पांचा हात थांबला तर अप्पांत उरतं काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवरावांनाही ठाऊक होतं, पण मागं सरायची त्यांची जात नव्हती. “कबूल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. करीला,” ते पटकन म्हणाले आणि गेले. जाताना ते गालात हसत होते, ते मी पाहिलं. का हसत होते, ते आम्हाला पोळ्याच्या तोंडावर कॅलेंडरचं पान उलटल्यावर कळलं. त्या वर्षी करीला सोमवार होता.

करीच्या दिवशी बाजारतळावर जी गर्दी झाली, तिचं वर्णन करायला बसलो तर मला चार दिवस दुकान बंद ठेवावं लागेल. राणीसावरगावापासून लोक आले होते. गफूरमामू मिस्तरी, जो लालीचा जन्मभराचा हकीम, तो पान्ह्यांची पेटी घेऊन आघाडीला. शारदा मानवतहून सासऱ्यांबरोबर आली होती, पण गाडीतून उतरून बोरीच्या आणि मानवतच्या माणसांच्या बरोबर मध्ये उभी राहिली होती, पदर खोचून.

अप्पा चालत आले. हात हलवत.

“लाली कुठं?” देवरावांनी गावाला ऐकू जाईल असं विचारलं.

“सोमवार हाय.”

“मशीनला कसला वार, अप्पा?”

“लालीला हाय. जर्सीला सोमवार नसतो, तुमी आज ओढा. मी उद्या ओढतो.”

“म्हंजे भेलात!”

“भ्यालेला मानूस घरी बसतो, याही. मी तर तुमचा तमाशा बघायला आलोय.” असं म्हणून अप्पा पारावर मांडी घालून बसले आणि शेंगा सोलू लागले. पण शेंगा खाली पडत होत्या आणि अप्पा टरफलं खात होते.

खोटं बोलून मला काही मिळवायचं नाही, म्हणून सांगतो, ती पांढरी गाडी ओढीला लागली तेव्हा अप्पा हरले असंच मला वाटलं. तिनं आवाजसुद्धा केला नाही. चिखलात चारी पाय रोवले आणि बांधलेल्या चाकांची, दगडांनी भरलेली ट्रॉली घेऊन निघाली. जमीन फाटत चालल्यासारखा आवाज नुसता ट्रॉलीचा. मानवतची माणसं शिट्ट्या मारायला लागली. निम्मी वाट झाली. अप्पांनी शेंगा बाजूला ठेवल्या. आणि अचानक गाडीच्या पोटात ‘ताड’ असं काही झालं, जणू कुणी तव्यावर वरवंटा टाकला. काचेमागं सगळे दिवे लाल-पिवळे लागले, आणि गाडी जागच्या जागी गप्प झाली. देवरावांनी कंपनीला फोन लावला. तिकडून एका बाईनं गोड आवाजात सांगितलं की भाग परदेशातून मागवावा लागेल, तोवर गाडी हलवू नये.

पण भर चिखलात ती ठेवायची कशी, आणि हलवायची तरी कशी? ट्रॅक्टर काढू म्हणावं तर चिखलात तोही रुतणार. बैल जुंपावेत तर सोमवार, त्यात करीचा दिवस, अप्पा आडवे पडले असते. शेवटी अप्पांनीच तोड काढली. “हाल्या आना. हाल्याला सोमवार न्हाई.” हाल्या म्हणजे आमच्याकडं रेडा. दोन काळेभोर हाले आले, एकाच्याही शिंगावर कालच्या पोळ्याचा गुलाल नव्हता, कारण त्या बिचाऱ्यांना पोळ्याचं आवतण कुणी देत नाही. त्यांनी ट्रॉलीपासून सुटी केलेली ती परदेशी गाडी अशी ओढत, गफूरमामू ज्या झाडाखाली गाड्या दुरुस्त करायचा तिथं नेली की पुढं हाले, मागं गार काचेत देवराव. गावात यम येऊन चुकीच्या माणसाला घेऊन चालल्यासारखं ते दृश्य होतं.

गफूरमामूनं बॉनेट उघडलं. अप्पा मागून म्हणाले, “आ कर.” मामूनं आत हात घालून एक फुटकी पुली बाहेर काढली, इंजिनचा पट्टा जिच्यावरून फिरतो ती चकती. अप्पा विजयी मुद्रेनं गर्दीकडं वळले. “बगा! बाहेरचं लोखंड! शिस्तीचं!”

देवरावांनी पुली हातात घेतली. उपरण्यानं पुसली. वाचली. पुन्हा पुसली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मला वाटलं गाडी सुरू झाली. त्यांनी पुली वर धरली.

“मेड इन इंडिया!”

लोक पुढं सरकले. खरंच, कडेला अक्षरं होती. गाडी परदेशी, पण तिच्या पोटातली पुली इथूनच कुठून तरी तिकडं गेलेली.

“तुमचं गावरान फुटलं, अप्पा! माझी जर्सी धडधाकट होती!” देवराव नाचायचे बाकी राहिले. “आन आता तुमच्या लालीला आ करा. बगू तिच्या पोटात काय हाय.”

“आ करायला सोमवारची हरकत न्हाई,” अप्पा म्हणाले. लोक झाडाखालून अप्पांच्या दारात आले. पण गफूरमामू पान्हा हातात घेऊन उभाच.

“कायकू खोलने का अप्पा, अच्छी चल री...”

“खोल गफूर. माझ्या लालीला काय भ्या हाय?”

मामूनं बॉनेट उघडलं, त्याच जागची पुली काढली, तिच्या पोटातलं बेअरिंग काढलं, आणि ते देवरावांच्या हातात ठेवून दुसरीकडं बघायला लागला. देवरावांनी वाचलं. या वेळी ते ओरडले नाहीत. अगदी हळू, लग्नपत्रिका वाचावी तसं वाचलं, “जपान.”

“गफूर?” अप्पा.

“मैं डाल्या था,” मामू म्हणाला. “तुम काशी कू गए थे, तब. तुमारा देसी मिल्याच नै बाजार में. भंगार में ये मिल्या. बोलता तो तुम निकाल के फेकते. बीस साल से चल रा अप्पा, आवाज बी नै किया.”

अप्पांचा हात पटक्याकडं गेला. गफूरमामूनं मान खाली घातली. देवरावांनी आपली टोपी काढून खिशात घातली. पटक्याला जागा हवी ना. आणि मग अप्पांचा हात पटक्यावरच थांबला. त्यांचे डोळे मधोमध उभ्या असलेल्या शारदेवर गेले.

“याही,” अप्पा हळूच म्हणाले, “एक इचारू का?”

“इचारा. पर पटका हातात घेऊन इचारा.”

“ही शारदा कुनाची? माझी का तुमची?”

देवराव भडकले. “ही काय इचारायची गोष्ट झाली? चार मान्सांत? शारदा आमची! आमच्या घरची लक्ष्मी हाय ती. आमच्या घरचा गाडा तिच्यावर चालतो!”

“जन्मली तर बोरीत.”

“जन्मू द्या कुठंबी! जिथं नांदली तिथली ती!”

“ऐकलं का रं सगळ्यांनी?” अप्पा असे गरजले की तिकडं गफूरमामूच्या झाडावरचे बगळे उडाले आणि संध्याकाळपर्यंत परत बसले नाहीत. “जिथं नांदलं तिथलं! मग हे जपान्या बेअरिंग बीस साल माझ्या लालीत नांदलं, बोरीचा धुरळा खाल्ला, दर पोळ्याला हळद लावून घेतली, सोमवारी महादेवाची रजा घेतली. ते कुनाचं? आमचं! आन ती फुटकी पुली? जन्मली असंल इथं, पर सासरी तुमच्याकडं नांदली. ती तुमची! याही, आमच्या लेकीला तुमी कव्हा रजा दिली न्हाई, कव्हा हात फिरवला न्हाई. म्हून ती फुटली!”

मी आयुष्यात टाळ्या पुष्कळ ऐकल्या, पण त्या दिवशीच्या टाळ्यांनी माझ्या दुकानाचा पत्रा सैल झाला, तो अजून तसाच आहे. शारदा पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता म्हणाली, “मामंजी, आता माझीबी सोमवारची रजा ठरवून टाका.”

देवरावांनी खिशातली टोपी काढून पुन्हा घातली. पण ते कापसाचे व्यापारी. “तोंडानं ट्रॉली हालत न्हाई, अप्पा,” ते म्हणाले. “उद्या मंगळवार हाय. काढा लाली.”

मंगळवारी सकाळी लाली निघाली. जपानी बेअरिंग पुन्हा पोटात, मडगार्डवर हळद, अप्पा व्हीलवर. तिकडं गफूरमामूनं जिंतूरहून लेथवर नवी पुली करवून आणून देवरावांच्या गाडीत बसवली होती, त्यामुळे तीही सुरू होऊन बाजूला उभी. ट्रॉली कालच्याच जागी, आणि मधल्या पावसानं आमच्या काळ्या मातीत आसापर्यंत बुडालेली. लालीला साखळी लावली. अप्पांनी बॉनेटवर थाप मारली. “हां बाई!”

लाली ओढीला लागली ती सगळी हाडं वाजवत. धूर एवढा की मारुती दिसेना. ट्रॉली हलली नाही. पुन्हा ओढ. लालीची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली, अप्पा आकाशाकडं तोंड करून बसलेले दिसले, आणि ट्रॉली तसूभरही हलली नाही. तिसऱ्यांदा अप्पांनी ओढ दिलीच नाही. खाली उतरले. लालीच्या नाकावरून हात फिरवला.

“संपलं?” देवरावांनी विचारलं, पण आवाजात कालचा जोर नव्हता. त्यांना अप्पांचा पडलेला चेहरा बघवत नव्हता.

अप्पा ट्रॉलीकडं बघत राहिले. मग लालीकडं. मग त्या पांढऱ्या गाडीकडं. आणि एकदम कपाळावर हात मारून हसायला लागले. “मी बी काय येडा मानूस! आयुष्य बैलबाजारात घातलं, आन एका बैलाला गाडी ओढायला लावायलोय! काल तुमी एकच जुंपला, आज मी एकच. याही, जोडी बिगर ओढ असती का? आना तुमची जर्सी. लाली उजवीकडं ऱ्हाईल, तिला लय अनुभव हाय.”

देवराव गाडी घेऊन आले आणि लालीच्या डाव्या अंगाला उभी केली. दोन साखळ्या ट्रॉलीला. पण दोन गाड्या एकत्र चालायच्या कशा? एक पुढं पळाली तर? अप्पांनी पटक्याला हात घातला, तो सोडला, आणि त्याचा लांबच लांब पीळ करून दोन्ही गाड्यांचे पुढचे हूक एकमेकींना करकचून बांधले, बैलांच्या माना एका कासऱ्यात घ्याव्यात तसे.

“उतरला!” देवराव ओरडले. “अप्पा, पटका उतरला तुमचा! हरलात!”

“उतरला न्हाई, याही,” उघड्या डोक्याचे अप्पा लालीत चढत म्हणाले. “जुंपला. चला, हां बाई! हां जर्सीबाई!”

आणि त्या दोघी निघाल्या. लाली बोंब मारत, पांढरी मुकाट्यानं. पटका ताणून वीणेच्या तारेसारखा वाजायला लागला. माती उसासली. ट्रॉली आधी थरारली, मग एखाद्या म्हशीनं डबक्यातून उठावं तशी उठली आणि बांधलेल्या चाकांनी जमीन नांगरत पारापर्यंत आली. आमचा मारुती दोन पावलं मागं सरकला, असं म्हणणारे लोक आहेत; मी त्यांतला आहे. बाजारतळावर जो चर पडला, त्यात त्या वर्षी कुणीतरी हरभरा पेरला आणि तो कमरेएवढा आला. हलगीवाला हलगी फुटेपर्यंत वाजवत होता. अप्पा आणि देवराव लोकांच्या खांद्यावर होते, आणि खांद्यावर बसूनही भांडत होते.

“ओढली लालीनं. तुमची नुसती सोबतीला व्हती.”

“तुमची नुसती वरडत व्हती, अप्पा. जोर माझीचा.”

हे भांडण पुढं कधी मिटलं नाही. देवराव दर आठवड्याला मानवतहून त्यासाठी यायचे, अप्पा ओट्यावर त्यासाठी वाट बघायचे. गाड्यांवर हात फिरवणं चालूच राहिलं. फक्त एक फरक झाला. पूर्वी अप्पा विचारायचे, “जात कोनती हिची?” त्यानंतर विचारू लागले, “नांदली कुठं?” पटक्यावर दोन्ही गाड्यांच्या ग्रीसचे डाग पडले होते, ते त्यांनी कधी धुऊ दिले नाहीत. एक डाग दाखवून म्हणायचे, “हा गावरान,” दुसरा दाखवून, “हा जर्सी.” आणि कोणता कुठला ते दर वेळी बदलून सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी, ओट्यावर बशीत चहा ओतून फुंकर घालता घालता अप्पा गेले. समोर देवराव बसले होते; बोलणं कुठल्याशा प्लगवरून चाललं होतं. देवराव सांगतात, शेवटचा शब्द अप्पांचा झाला. ते पुढं म्हणतात, “त्यांचाच व्हनार व्हता.”

सोमवारी सकाळी न्यायचं ठरलं. आमच्याकडं अप्पांच्या समाजात माणसाला निजवून नेत नाहीत. बसवून, सजवून, राजासारखं नेतात. गावातल्या पोरांनी लालीला झेंडूच्या माळा घातल्या, मागची सीट काढली, सगळी तयारी केली. शारदा दारात आली. लालीकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, “आज सोमवार हाय.”

लालीची किल्ली देवघरात महादेवापुढं होती, आणि ती उचलायची कुणाची छाती नव्हती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी दिसली. बायांनी पुन्हा पोटं आत ओढली. देवराव स्वतः चालवत होते. लालीच्या शेजारी, डाव्या अंगाला, त्यांनी गाडी उभी केली, खाली उतरले, आणि पुढचं दार उघडून धरलं. “जर्सीला सोमवार नसतो,” ते म्हणाले. “आना माझ्या याह्याला.”

अप्पांना पुढच्या सीटवर बसवलं. ताठ. कपाळाला विभूती, डोक्यावर तो डागांचा पटका, छताला टेकलेला. दार लावलं. देवरावांनी गाडी सुरू केली आणि ती ओरडायला लागली, टुंग टुंग, टुंग टुंग. भजन थांबलं. लोक एकमेकांकडं बघू लागले. देवरावांनी वाकून पट्टा ओढला, अप्पांच्या छातीवरून घेतला आणि हळूच बसवला. गाडी गप्प झाली.

“शब्दाला जागलात, अप्पा,” देवराव म्हणाले. “मेल्याशिवाय बसला न्हाईत.” ते हसत होते आणि त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

मग हलगी अशी कडाडली की पोळ्यालाही तशी कडाडत नाही. बोरीनं, मानवतनं आणि मधल्या सगळ्या वाडीवस्तीनं रस्ता भरला. ‘हर हर महादेव’च्या गजरात अप्पा काचेमागून सगळ्या गावावरून नजर फिरवत चालले होते, गार वाऱ्यात, ताठ बसून. मी त्यांच्याखालचं कव्हर स्वतः शिवलेलं होतं, त्याची टीप बघत बघत मी शेजारून चाललो. हरलेला माणूस असा जात नाही.

पुढच्या आठवड्यात देवराव बोरीला आले ते एसटीनं. स्टँडवरून चालत, घामाघूम, टोपीनं वारा घेत अप्पांच्या रिकाम्या ओट्यावर टेकले. मी पाणी दिलं आणि विचारलं, “देवराव, गाडी कुठाय?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं अप्पा बघायचे.

“मास्तर,” ते म्हणाले, “आज सोमवार न्हाई का?”